न्यू जर्सीहून नाशिकला: अमेरिकन पेन्शन, दोन देशांचे कर आणि ओसीआय कार्डावरचं घर

२०२५ च्या सप्टेंबरात आम्ही दोघांनी भारतात पहिल्यांदाच पूर्ण निवासी म्हणून आयकराचं विवरणपत्र भरलं. ऑक्टोबरात अमेरिकेचं आयकर विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०४०, गेलं आणि तीन-साडेतीन वर्षं चाललेलं काम मार्गी लागलं. न्यू जर्सीतली आमच्या ओळखीतली काही घरं आता याच वाटेवर आहेत. फोनवर सगळ्यांचे प्रश्न तेच असतात आणि त्यामागची भीतीही तीच असते. म्हणून जसं घडलं तसं क्रमानं लिहितेय.

आम्ही दोघं अमेरिकन नागरिक आहोत, ओसीआय कार्डधारक, म्हणजे मूळचे भारतीय म्हणून भारतात राहायची कायमची मुभा असलेले परदेशी नागरिक. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, हे केमिकल इंजिनिअर. माझा जन्म १९५७ चा, यांचा १९५४ चा. आमचं उत्पन्न म्हणजे दोघांची सोशल सिक्युरिटी (अमेरिकन सरकारचं निवृत्तिवेतन), माझ्या रुग्णालयाचं छोटं मासिक पेन्शन, नोकरीतल्या ४०१के या निवृत्ती योजनेमधून वळवलेली आयआरए (वैयक्तिक निवृत्ती बचत) खाती आणि थोडे लाभांश व व्याज. बहुतेक मराठी घरांचं चित्र साधारण असंच असतं. मी सीए नाही. आकडे आमच्या त्या त्या वर्षांचे आहेत, तुमच्या वर्षाचे तुम्ही तपासून घ्या.

परत जायचं हे २०२० मध्येच ठरलं होतं, पण तारीख ठरवायला आम्ही वेळ घेतला, आणि इतकं महत्त्वाचं दुसरं काहीच नव्हतं. भारतात आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. त्या वर्षात तुम्ही १८२ दिवस भारतात असलात तर निवासी ठरता. पण दुसरीही एक अट आहे: वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. दर हिवाळ्यात महिना-दीड महिना येणाऱ्या आणि मधे आईवडिलांच्या आजारपणात लांब राहिलेल्या माणसाचे ३६५ दिवस कधी भरतात ते कळतही नाही. म्हणून आम्ही फेब्रुवारी २०२२ च्या दुसऱ्या आठवड्यातली तिकिटं काढली. ३१ मार्चपर्यंत ६० दिवस होणार नव्हते, त्यामुळे ते आर्थिक वर्ष अनिवासी म्हणूनच संपलं. त्याच वर्षात आधी एखादी फेरी झाली असेल तर तिचेही दिवस यात धरायचे.

त्यापुढची दोन वर्षं 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' या प्रकारात बसतात. सगळे त्याला आरएनओआर म्हणतात. मागच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असलात, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातले तुमचे दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असले, तर हा दर्जा मिळतो. या काळात भारत तुमच्या परदेशातल्या उत्पन्नावर कर लावत नाही. परत येणाऱ्याला कायद्यानं दिलेली ही सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि ती आपोआप सुरू होऊन आपोआप संपते. कुणी पत्र पाठवून कळवत नाही. तिचा उपयोग कसा करायचा ते विमानात बसण्याआधी ठरलेलं असावं.

घर आम्ही नोव्हेंबर २०२१ मध्ये विकलं, निघण्याआधी. न्यू जर्सीत राज्य सोडून गेलेल्या माणसानं घर विकलं तर व्यवहाराच्या वेळीच अंदाजे कर कापून घेतात, किमान विक्रीच्या किमतीच्या २ टक्के. लोक त्याला एक्झिट टॅक्स म्हणतात. तो वेगळा कर नाही, आगाऊ कापणी आहे, पण पैसे अडकतात. आम्ही तेव्हा राज्याचे रहिवासी होतो, म्हणून जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरून सुटका झाली. राहत्या घराच्या नफ्यावर जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंत केंद्रीय करात सूट असते, तीही मिळाली. हेच घर आम्ही भारतात पूर्ण निवासी झाल्यावर विकलं असतं, तर भारतानंही त्या नफ्यावर कर मागितला असता. 'भाड्यानं देऊन ठेवा, नंतर बघू' असा सल्ला आम्हाला खूप जणांनी दिला. तो न ऐकल्याचं समाधान आहे.

निघण्याआधीच्या दोन महिन्यांत केलेली बारीक कामं नंतर फार उपयोगी पडली. अमेरिकेतला फोन नंबर आम्ही स्वस्त प्लॅनवर जिवंत ठेवला. बँका ओटीपी त्याच नंबरवर पाठवतात आणि इंटरनेटवरचे नंबर अनेक बँकांना चालत नाहीत. वाय-फाय कॉलिंग इथं येण्याआधी चालू करून, एक ओटीपी मागवून बघा. ब्रोकरेजला आधीच विचारा की भारतातला पत्ता दिल्यावर खातं चालू राहील का. आमच्या दोनपैकी एका कंपनीनं पत्ता बदलताच नवी खरेदी बंद केली आणि आम्ही सगळं दुसरीकडे हलवलं. खाती एका कंपनीतून दुसरीकडे नेताना किंवा नावं बदलताना कधी कधी मेडॅलियन शिक्का, म्हणजे सही खरी असल्याची बँकेची हमी, लागतो. तो भारतात मिळत नाही, अमेरिकन वकिलातही देत नाही. वकिलातीत नोटरी होते, दर शिक्क्याला ५० डॉलर, पण मेडॅलियन नाही. त्यामुळे लाभार्थींची नावं, संयुक्त खाती, मुलीच्या नावाचं मुखत्यारपत्र हे सगळं तिथंच उरकून घ्या.

ओसीआयचं काम आमच्याकडे जुनं होतं. अमेरिकन नागरिकत्व घेतल्यावर भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र काढलं होतं आणि मग कार्ड. ज्यांनी ते प्रमाणपत्र काढलेलं नाही त्यांनी पहिलं काम तेच करावं. ओसीआयवर आयुष्यभर राहता येतं, पोलिसांत किंवा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव घालावं लागत नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. निफाडकडे यांच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. वारसानं यांच्या नावावर हिस्सा येऊ शकतो, पण शेजारचा तुकडा विकायला आला तेव्हा तो यांना घेता आला नाही. ज्या मातीत लहानपण गेलं तिथं आपण 'परदेशी' हे त्या दिवशी यांना लागलं. दोन दिवस हे फारसं बोलले नाहीत.

आल्यावर पहिला महिना बँकेत गेला. कायमचं राहायला आल्यावर परकीय चलन कायद्यानुसार, म्हणजे फेमाप्रमाणे, तुम्ही लगेच निवासी होता. आयकराचा निवासी आणि फेमाचा निवासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती साध्या खात्यांत बदलायची असतात. एनआरई ठेवीचं करमुक्त व्याज तिथं थांबतं. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे निवासी माणसाचं परकीय चलनातलं, खातं उघडता येतं आणि आरएनओआर असेपर्यंत त्याचं व्याज करमुक्त असतं. आमच्या शाखेत असं खातं त्याआधी कुणी उघडलेलं नव्हतं. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, मी मुंबईला विचारून सांगते." तिनं खरोखर विचारलं. तीन आठवडे लागले, पण खातं उघडलं. अमेरिकेतली खाती बंद करावी लागत नाहीत, अनिवासी असताना कमावलेली मालमत्ता तिथं ठेवायला फेमाची परवानगी आहे.

दर बँकेत फॅटकाचं, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती मागणाऱ्या अमेरिकन कायद्याचं, घोषणापत्र भरावं लागतं. नागरिकत्व अमेरिका, करदाता क्रमांक म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर. हे लपवायचा विचारही करू नका, ती माहिती बँकेकडून पुढे अमेरिकेच्या आयआरएसपर्यंत, म्हणजे तिथल्या कर खात्यापर्यंत, जाते. आणि भारतीय म्युच्युअल फंड घेऊ नका. नातेवाईक प्रेमानं सुचवतात, पण अमेरिकन कायदा त्यांना पीएफआयसी, म्हणजे नुसत्या गुंतवणुकीवर चालणारी परदेशी कंपनी, मानतो. दर फंडासाठी फॉर्म ८६२१ आणि नफ्यावर अत्यंत जाचक हिशोब. आम्ही इथं मुदत ठेवी आणि थोडे थेट शेअर यांवरच थांबलो.

आधार कार्डासाठी आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि भाडेकरार घेऊन गेलो आणि काम सहज झालं. आधार आल्यावर विवरणपत्राची पडताळणी फोनवरच्या ओटीपीनं होऊ लागली, ती मोठी सोय.

पॅनचा प्रसंग मात्र जीव खाणारा होता. पॅन आणि आधार जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली आणि जुलैत माझं पॅन 'निष्क्रिय' दिसू लागलं. जे भारताचे नागरिक नाहीत त्यांना या जोडणीतून सूट आहे, पण विभागाच्या नोंदीत माझं नागरिकत्व जुनंच होतं. पॅन निष्क्रिय म्हणजे ठेवींच्या व्याजावर २० टक्क्यांनी टीडीएस. माझ्यासारखे खूप जण यात सापडले होते, आणि विभागानं त्याच महिन्यात जाहीर केलं की आपापल्या क्षेत्राच्या निर्धारण अधिकाऱ्याकडे कागद द्यावेत. मी पासपोर्ट, ओसीआय आणि अर्ज घेऊन गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागद शांतपणे बघितले, पोच दिली आणि ईमेलही करून ठेवायला सांगितलं. सप्टेंबरात पॅन चालू झालं. जे अजून अमेरिकेत आहेत त्यांनी पॅनच्या नोंदीतलं नागरिकत्व आणि पत्ता आत्ताच बदलून घ्यावा.

आता सोशल सिक्युरिटी. यांनी ती निघण्याआधीच सुरू केली होती. पूर्ण रक्कम मिळायचं माझं वय साडेसहासष्ट, म्हणजे डिसेंबर २०२३. अमेरिका आणि भारत यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे भारतातल्या नोकरीची वर्षं तिकडे धरली जात नाहीत. तिथले ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, स्वतंत्रपणे पुरं व्हावं लागतं. माझं झालेलं होतं. भारतातल्या लोकांसाठी हे काम मनिलातल्या अमेरिकन दूतावासाचं फेडरल बेनिफिट्स युनिट बघतं. ऑगस्टमध्ये त्यांना लिहिलं. महिनाभरानं फोनवर मुलाखतीची वेळ मिळाली. मनिलाचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, हे लक्षात ठेवून सकाळी लवकर तयार राहा.

मुलाखतीची मला धास्ती होती. मराठी वळणाचं इंग्रजी, चाळीस वर्षांपूर्वीचं लग्न, माहेरचं नाव असलेली जुनी कागदं. प्रत्यक्षात पलीकडच्या बाईंनी सावकाश, पुन्हा पुन्हा विचारून सगळं लिहून घेतलं. जन्मतारीख, लग्नाची तारीख, शेवटच्या दोन वर्षांची कमाई, परदेशात काम करता का, पैसे कुठल्या खात्यात हवेत. मी अमेरिकेतलंच खातं दिलं. जन्मदाखल्यावर माझं नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' होतं. त्या काळच्या बऱ्याच दाखल्यांवर असंच असतं. मी नाशिक महापालिकेकडून नावासह नवा दाखला आधीच काढून ठेवला होता आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडीला होता. अमेरिकन पासपोर्टवर काम भागलं, पण दोन्ही दाखले हाताशी असल्यानं मी घाबरले नाही. पहिली रक्कम ३ जानेवारी २०२४ ला जमा झाली. परदेशी राहणाऱ्यांना ती दर महिन्याच्या ३ तारखेला मिळते, मागच्या महिन्याची. तो आकडा बघून मी खूप वेळ बसून राहिले. रात्रपाळ्या, बर्फातली गाडी, मुलीला शेजारणीकडे ठेवून केलेले दुहेरी दिवस, या सगळ्याचं ते फळ होतं.

यातला एक कागद कधीही चुकवू नका. परदेशी राहणाऱ्यांकडे फॉर्म ७१६२ येतो: तुम्ही हयात आहात का, काम करता का, पत्ता तोच आहे का. बहुतेकांना तो एक वर्षाआड येतो, सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून वर्ष ठरतं. तो भरून पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरेला पाठवायचा. परत गेला नाही तर पैसे थांबतात. टपालाची वाट बघत बसू नका. तुमच्या वर्षी जूनअखेर आला नाही तर मनिलाला लिहा. आम्ही यांचा फॉर्म नोंदणीकृत टपालानं पाठवला आणि प्रत जपून ठेवली.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही, एवढं स्पष्ट असूनही निर्णय अवघड गेला. पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) फुकट असतो, तो दोघांनीही घेतला. पार्ट बीचा (डॉक्टर आणि बाह्य उपचार) हप्ता २०२२ मध्ये महिना १७०.१० डॉलर होता, २०२५ मध्ये १८५. तो वेळेत घेतला नाही तर पुढे घेताना दर पूर्ण वर्षामागे १० टक्के कायमचा दंड. यांना स्टेंट आहे आणि मुलगी टेक्सासमध्ये आहे, म्हणून यांचा चालू ठेवला. माझा घेतला नाही. इथं आरोग्य विमा काढायला साठीनंतर त्रास होतो, पण आता जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. त्यामुळे आल्याबरोबर पॉलिसी घेऊन ती तीन वर्षं मोजायला लागावं. आमची २०२५ मध्ये पुरी झाली.

आरएनओआरच्या दोन वर्षांत आम्ही काय केलं ते सांगते, कारण पैशाच्या दृष्टीनं खरं महत्त्व याचंच आहे. अमेरिकन नागरिक जगात कुठंही राहिला तरी अमेरिकेत विवरणपत्र भरतोच. परदेशी राहणाऱ्यांना कमाईवर जी मोठी सूट मिळते ती पगाराला आहे, पेन्शनला नाही. म्हणजे आयआरएमधून काढलेल्या रकमेवर तिथं कर लागणारच. पण या दोन वर्षांत भारत त्यावर काही मागत नव्हता. २०२३ मध्ये जोडप्याची प्रमाणित वजावट, आमच्या वयाच्या वाढीव रकमेसह, ३०,७०० डॉलर होती आणि १२ टक्के कराची पायरी ८९,४५० डॉलर करपात्र उत्पन्नापर्यंत होती. ढोबळ बेरीज १,२०,००० डॉलर. इतर उत्पन्न धरून त्या पायरीपर्यंत जेवढं बसेल तेवढं आम्ही आयआरएतून काढून घेतलं. तेच पैसे नंतर काढले असते तर भारताच्या ३० टक्क्यांच्या पायरीत गेले असते. ज्यांच्याकडे आयआरएबाहेर खूप वाढलेले शेअर आहेत त्यांनी हीच वर्षं ते विकून पुन्हा घेण्यासाठी वापरावीत. भारत तुमची मूळ खरेदी किंमतच धरतो, तुम्ही परत आलात त्या दिवसाची नाही.

आरएनओआरचं तिसरं वर्षही मिळेल का, हे बघायला २०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही जुने पासपोर्ट काढले. सात वर्षांचे शिक्के, एकेक दिवस मोजून वहीत उतरवले. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारात मी सलग राहिले होते, ते दिवस त्यात होते. बेरीज ७२९ च्या वर गेली. तेव्हा २०२४-२५ पासून आम्ही पूर्ण निवासी. त्या दिवसांबद्दल मला मुळीच खंत नाही.

पूर्ण निवासी झाल्यावर दोन्ही देश जगभरच्या उत्पन्नाकडे बघतात. इथं मी अनेक रात्री नीट झोपले नाही. पहिल्या सीएंनी माझ्या सोशल सिक्युरिटीवरही कर धरून तक्ता पाठवला. मग मी स्वतः दोन देशांमधला कर करार वाचायला घेतला, १९८९ मध्ये झालेला आणि १९९० मध्ये लागू झालेला. तो वाचताना जे हाती आलं तेच मी आता प्रत्येकाला सांगते: एकूण उत्पन्न किती हा प्रश्न बाजूला ठेवा, प्रत्येक उत्पन्न वेगळं मांडा आणि त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा ते लिहा.

सोशल सिक्युरिटी: कलम २०, परिच्छेद २. जो देश देतो तोच कर लावतो. म्हणजे फक्त अमेरिका. भारतीय विवरणपत्रात ती करारानुसार करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवायची, वगळायची नाही. रुग्णालयाचं पेन्शन: त्याच कलमाचा पहिला परिच्छेद. खासगी पेन्शनवर हक्क राहत्या देशाचा, म्हणजे भारताचा. पण अमेरिकेनं आपल्या नागरिकांवर कर लावायचा हक्क करारात राखून ठेवलेला आहे, त्यामुळे तीही लावते. इथं भारताला आधी द्यायचं आणि अमेरिकेच्या विवरणपत्रात फॉर्म १११६ वर त्याचं श्रेय घ्यायचं, म्हणजे तेवढी रक्कम तिथल्या करातून वजा करायची. अमेरिकेतला लाभांश आणि व्याज: इथं करारात अमेरिकेला मर्यादित हक्क आहे, व्याजावर १५ टक्के आणि लाभांशावर २५ टक्क्यांपर्यंत. तेवढ्याचं श्रेय भारत देतो, त्यासाठी आम्ही फॉर्म ६७ भरला. इथल्या ठेवींचं व्याज: भारत आधी, श्रेय अमेरिकेत.

आयआरएसाठी, आम्ही विवरणपत्र भरलं तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात, कलम ८९ए होतं, २०२१ मध्ये आलेलं. ते नसतं तर खात्याच्या आत दरवर्षी जमणाऱ्या लाभांशावर आणि नफ्यावर, हातात पैसा न येताच, भारताचा कर लागू शकला असता. फॉर्म १०ईई भरला की अमेरिकेत कर लागेल तेव्हाच इथं लागायचा. हा फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीच्या आत भरावा लागायचा आणि एकदा भरला की मागे घेता येत नसे. आयआरएतून काढलेली रक्कम करारातल्या 'पेन्शन'मध्ये बसते की नाही, यावर सल्लागारांची मतं वेगळी आहेत. म्हणूनही आम्ही मोठा भाग आधीच्या दोन वर्षांत काढला होता.

दुसऱ्या सीए बाई तरुण आहेत, पुण्याच्या. पहिल्या फोनवर त्यांनी कलम २० चा उल्लेख स्वतःहून केला आणि मी निश्चिंत झाले. सीए निवडताना हाच प्रश्न विचारा: "माझ्या सोशल सिक्युरिटीचं भारतात काय कराल?" उत्तरावरून कळेल. त्यांची फी पहिल्या वर्षी दोघांची मिळून ३५,००० रुपये झाली, अमेरिकेतल्या सीपीएंची (म्हणजे तिथल्या सीएंची) ९०० डॉलर. दोघांना एकमेकांचे ईमेल देऊन ठेवले, कारण अमेरिकेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि भारताचं एप्रिलला. एका देशाचा कर दुसऱ्याच्या कुठल्या वर्षात धरायचा, हे त्या दोघांनीच बसून सोडवलं. मी फक्त पेन्शनच्या बारा महिन्यांच्या पावत्या महिनावार लावून दिल्या, प्रत्येकीपुढे स्टेट बँकेचा आदल्या महिनाअखेरचा खरेदी दर लिहून.

सगळ्यात किचकट निघालं ते परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए. अमेरिकेतलं प्रत्येक खातं, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वाधिक शिल्लक, वर्षअखेरची शिल्लक. आणि हे वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे २०२५-२६ च्या कर निर्धारण वर्षासाठी २०२४ चं. काही दडवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. मला आठवडा लागला. विसरलेलं एक क्रेडिट युनियनचं (आपल्या पतसंस्थेसारखं) खातंही हुडकून काढलं, ४१ डॉलरचं, आणि लिहिलं. आरएनओआर असताना हे परिशिष्ट लागत नाही. त्या काळात जुनी, पडीक खाती बंद करून टाका. २०२५ मध्ये मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली. आम्ही २ सप्टेंबरला भरलं.

साठीच्या वरच्या निवासी व्यक्तीला, धंद्याचं उत्पन्न नसेल तर, आगाऊ कर भरावा लागत नाही. सगळा कर विवरणपत्राच्या वेळी भरता येतो. अमेरिकेत तशी मोकळीक नाही, तिथले तिमाही हप्ते कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी.

अमेरिकेची बाजू त्यामानानं सवयीची झाली. परदेशी राहणाऱ्यांना १०४० साठी १५ जूनपर्यंत आपोआप मुदत मिळते आणि फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत. देणं असेल तर व्याज मात्र १५ एप्रिलपासूनच चालू होतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देण्याचा फॉर्म. तो ऑनलाइन, विनामूल्य आणि स्वतः भरता येण्याजोगा आहे. मुलांनी आईवडिलांच्या खात्याला लावलेलं आपलं नावही त्यात धरलं जातं. परदेशी मालमत्ता कळवायच्या फॉर्म ८९३८ ची मर्यादा परदेशी राहणाऱ्या जोडप्याला वर्षअखेर ४,००,००० डॉलर आहे, आम्ही तिच्या खाली आहोत.

ज्यांनी ग्रीनकार्ड परत देऊन भारतात राहायचं ठरवलंय त्यांचं गणित वेगळं. अनिवासी परकीय म्हणून त्यांच्या सोशल सिक्युरिटीतून २५.५ टक्के कापून घेतले जातात. तो निर्णय माझ्या या अनुभवावरून करू नका.

ऑक्टोबरात १०४० गेल्यावर आम्ही मृत्युपत्रं केली, दोघांची दोन-दोन. एक भारतातल्या मालमत्तेचं, एक अमेरिकेतल्या, आणि दोन्हींत स्पष्ट लिहिलं की हे दुसऱ्याला रद्द करत नाही. नाशिकच्या वकिलांनी इथलं ८,००० रुपयांत केलं. मुलीसाठी एक वही लिहून ठेवलीय: कुठलं खातं, कुठला फॉर्म, कुठल्या महिन्यात, कुणाला फोन. ती म्हणाली, "आई, हे मला आत्ताच शिकव," म्हणून डिसेंबरात ती आली की तिला शेजारी बसवून यंदाचं शेड्यूल एफए दाखवणार आहे. यांना २०२७ मध्ये ७३ वर्षं पूर्ण होतील आणि आयआरएतून सक्तीची पहिली रक्कम काढावी लागेल. ती त्याच वर्षी काढायची की १ एप्रिल २०२८ पर्यंत थांबायचं, म्हणजे भारताच्या कुठल्या आर्थिक वर्षात ती बसवायची, यावर सीए बाई आणि सीपीए यांचे ईमेल आताच सुरू झाले आहेत.